दारूखाना ते अलंग: जहाजाच्या कागदामागून सहा दिवस

दिवस पहिला: कांजूरमार्ग आणि दारूखाना

अलंग म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरचं जुनी जहाजं तोडण्याचं ठिकाण. तिथे जायची तारीख रेल्वेचं आरक्षण पाहून नाही, पंचांग पाहून ठरवावी. जहाज किनाऱ्यावर चढवतात ते उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत गेलात तर जहाजाची कापणी दिसेल, पण जहाज येताना दिसणार नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशोब मुंबईपुरता. खंबायतच्या आखातात पाणी आत शिरायला आणखी काही तास लागतात, तेव्हा भावनगरचं कोष्टक वेगळं बघावं. दुसरी गोष्ट, प्लॉटवर, म्हणजे जहाज तोडायच्या जागेवर जायला गुजरात मेरिटाइम बोर्डाची परवानगी लागते आणि फोटो काढू देत नाहीत. परवानगीचा अर्ज आधीच टाकून ठेवावा.

सुरुवात मुंबईत, कांजूरमार्गला. जहाज तोडण्याचा भारतातला कागद नौवहन महासंचालनालयाकडे येतो. 2019 च्या जहाज-तोडणीच्या कायद्याखाली तेच राष्ट्रीय प्राधिकरण आहे. त्या कामाचं कार्यालय गांधीनगरला आहे. कायद्याच्या मागे हाँगकाँग करार आहे, जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार. मे 2009 मध्ये मंजूर झालेला हा करार लागू झाला 26 जून 2025 रोजी. सोळा वर्षं लागली, कारण अट तिहेरी होती: किमान 15 देश, जगाच्या व्यापारी जहाजांपैकी 40 टक्के टनेज, आणि त्या टनेजच्या 3 टक्के एवढी जहाजं वर्षाला तोडण्याची क्षमता. तिसरी अट महत्त्वाची. ती नसती तर नुसत्या जहाजमालक देशांचा करार झाला असता आणि तोडणारे देश बाहेरच राहिले असते. झेंडेवाले देश, म्हणजे जिथे जहाजांची नोंदणी होते ते, तोडणाऱ्यांची वाट बघत होते, तोडणारे झेंडेवाल्यांची. 2019 च्या नोव्हेंबरात भारत आत आला. 26 जून 2023 रोजी बांगलादेश आणि लायबेरिया एकाच दिवशी आले, तेव्हा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आणि चोवीस महिन्यांचं घड्याळ सुरू झालं. बांगलादेशची तयारी आपोआप झालेली नाही. नॉर्वेच्या पैशातून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिथे सेन्सरेक नावाचा प्रकल्प बरीच वर्षं चालवला.

कागदांची साखळी अशी. जहाजावर घातक पदार्थांची यादी असते, तिला सगळे आयएचएम म्हणतात. तिचे तीन भाग: पहिल्यात जहाजाच्या बांधणीत आणि यंत्रांत मुरलेले पदार्थ, दुसऱ्यात चालवताना साठलेला कचरा, तिसऱ्यात सामानसुमान. पहिला भाग जहाजाच्या जन्मापासून शेवटपर्यंत अद्ययावत ठेवायचा. दुसरा-तिसरा तोडायला निघताना भरायचा. जुन्या जहाजांना पहिल्या भागासाठी जून 2030 पर्यंत मुदत आहे, पण त्याआधी तोडायचं असेल तर आधीच लागतो. यार्डाकडे स्वतःचं अधिकारपत्र हवं, ते जास्तीत जास्त पाच वर्षांचं. यार्ड त्या यादीवरून त्या एकाच जहाजाचा तोडणी आराखडा बनवतं. मग ज्या देशाचा झेंडा आहे तो शेवटची पाहणी करून ‘तोडायला तयार’ असं प्रमाणपत्र देतो. ते फार तर तीन महिने चालतं. काम संपल्यावर चौदा दिवसांत यार्डाने पूर्तता अहवाल द्यायचा. 500 ग्रॉस टनांखालची जहाजं, युद्धनौका आणि फक्त स्वदेशातच फिरणारी जहाजं या सगळ्यातून वगळलेली आहेत.

दुपारी हार्बर लाइनने रे रोड. स्टेशनच्या पूर्वेला बंदराच्या जमिनीवर दारूखाना. दारू म्हणजे तोफांची; प्यायची शोधायला कुणी जाऊ नये. इथे टग, बार्ज, लहान जहाजं तोडतात. 1997 मध्ये निवृत्त झालेली पहिली विक्रांत 2014 च्या अखेरीस इथेच तोडायला घेतली. विराट मात्र 2020 च्या सप्टेंबरात मुंबईहून ओढत अलंगला नेली. दारूखान्याच्या गाळात आणि दाटीत मोठ्या जहाजाचं काम जड जातं. अलंगला समुद्र स्वतः जहाज उचलून देतो. संध्याकाळी बांद्रा टर्मिनसहून भावनगरची गाडी.

दिवस दुसरा: भावनगर, त्रापज फाटा, खाडे

सकाळी भावनगर. तिथून तळाजा-महुव्याच्या रस्त्याने दक्षिणेला त्रापज, तिथे डावीकडे वळलं की अलंग. सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर. फाट्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजातून निघालेल्या सामानाची दुकानं लागतात. इथे त्यांना खाडा म्हणतात. एका खाड्यात फक्त गाद्या, दुसऱ्यात फक्त स्टीलची किचनं, तिसऱ्यात जनरेटर, पुढे दोरखंड, कपबश्या, व्यायामाची यंत्रं, नारिंगी लाइफबोटी.

वर्तुळाकार अर्थव्यवस्थेवरच्या परिषदांत वस्तू वितळवण्याआधी ती तशीच पुन्हा वापरावी, असं सांगतात. या रस्त्यावर ते चाळीसेक वर्षं चालू आहे, त्यासाठी कुणाला परिषद लागली नाही. पण घेणाऱ्याने काही गोष्टी बघाव्यात. जहाजाच्या राहत्या भागातली पांढरट, जड, ठिसूळ कडांची भिंतपाटं आणि जुने आगरोधक दरवाजे स्वस्त मिळतात. 2002 च्या जुलैआधी बांधलेल्या जहाजातले असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कारण नव्या बसवणीवर आंतरराष्ट्रीय बंदी तेव्हापासूनची, आणि काही अपवाद तर 2011 पर्यंत चालू होते. घरी नेऊन अशा पाटीला ड्रिल मारणं म्हणजे संकट ओढवून घेणं. फ्रीज-एसी घेताना आतला वायू पाटीवर वाचावा. आर-22 असेल तर गळती भरून काढणं दिवसेंदिवस महाग होत जाणार. लाइफजॅकेट तर मासेमारीच्या होडीसाठीही तारीख बघितल्याशिवाय घेऊ नये. उलट स्टीलची टेबलं, सिंक, पितळी नळ, जहाजी घड्याळं यांत फसण्यासारखं काही नाही.

दिवस तिसरा: प्लॉट

अलंग-सोसियाचा किनारा दहाएक किलोमीटरचा, त्यावर शेजारीशेजारी प्लॉट. 1983 मध्ये इथे पहिलं जहाज आलं. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते, किनाऱ्याचा उतार अगदी मंद आणि तळ टणक. या तीन गोष्टी एकत्र जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. रिकामं, बॅलास्ट (तोल राखायला भरलेलं पाणी) उपसलेलं जहाज ऐन भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतात. पाणी ओसरलं की ते कोरड्यावर बसलेलं असतं. इथे चूक होते ती वेळेची. कप्तान अर्धा तास उशिरा निघाला किंवा जहाजाचं नाक पाण्यात जास्त खोल राहिलं, तर जहाज प्लॉटपासून दूर अडकतं. मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, ते तिथेच.

जहाज विकत घेताना भाव एलडीटीवर ठरतो: माल, इंधन, बॅलास्ट वगळून जहाजाचं निव्वळ वजन. बहुधा मालकाकडून कॅश बायर रोख देऊन घेतो आणि यार्डाला पतपत्रावर विकतो. मधल्या काही आठवड्यांत जहाजाचा झेंडा बदललेला असतो: कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स-नेव्हिस. युरोपीय संघाचा नियम सांगतो की त्यांच्या झेंड्याचं जहाज त्यांच्या यादीतल्या यार्डातच तुटलं पाहिजे. यादीत तुर्कीच्या अलियागाची यार्डं आहेत. भारतातून अर्ज बरेच गेले, पण वाळूवर चढवून तोडणारं यार्ड तिथे पोहोचलेलं नाही. मालक झेंडा बदलतो आणि नियम जागच्या जागी राहतो. या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे, आणि ते किनाऱ्यावर पडलेलं नाही, कागदावर पडलेलं आहे. घातक कचऱ्याच्या देशादेशांतल्या वाहतुकीवरच्या बासेल कराराचंही तसंच. त्याची बंदी-दुरुस्ती डिसेंबर 2019 पासून लागू आहे. तिच्यानुसार श्रीमंत देशांच्या गटातून बाहेर घातक कचरा पाठवता येत नाही. म्हणजे युरोपच्या बंदरात ‘हे तोडायला चाललंय’ म्हटलं की जहाज एका करारानुसार प्रमाणपत्र असलेलं जहाज, दुसऱ्यानुसार बंदी असलेला कचरा. म्हणून तोडायचा निर्णय भर समुद्रात ‘सुचतो’.

आता प्लॉटवर. बसलेल्या जहाजावर आधी कस्टम आणि प्रदूषण मंडळाची पाहणी होते. नंतर उरलेलं तेल आणि गाळ पंपाने बाहेर, सुटं सामान खाली. मग कापणीची परवानगी, आणि ती टाकीनिहाय. हवा तपासायची: ऑक्सिजन 21 टक्के, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या एक टक्क्याच्या आत. दोन ठिकाणी माणसं मरतात. एक, कित्येक महिने बंद राहिलेली कोरडी टाकी. तिच्यात विषारी काही नसतं, पण गंज चढताना लोखंडाने ऑक्सिजन खाऊन टाकलेला असतो. माणूस उतरतो आणि खाली बसतो, त्याला काढायला गेलेला दुसराही बसतो. दोन, दुहेरी तळाच्या टाक्या. सकाळी मापक शून्य दाखवतो, म्हणून कटर पेटवतात. ज्योतीने पत्रा तापतो, पलीकडे चिकटलेल्या तेलगाळातून नव्याने वायू सुटतो आणि दुपारी स्फोट होतो. म्हणून सकाळचं प्रमाणपत्र दुपारी चालत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा माप घेणारा मुकादम दिसला तर ते यार्ड बरं समजावं. हेल्मेटच्या रंगावरून यार्ड ओळखू नये, हेल्मेट सगळ्यांकडे असतं.

अ‍ॅस्बेस्टॉस कापणीच्या आधी काढतात: इंजिनाच्या धुराड्याचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन), पाइपजोडांची गॅस्केटं, विंचची ब्रेकअस्तरं. जागा प्लास्टिकने बंद करून आतला दाब कमी ठेवायचा, माल ओला करून काढायचा, दुहेरी पिशवीत भरायचा. आयएचएममधली एक ओळ साधारण अशी दिसते: पदार्थ, जागा, अंदाजे वजन, शेरा. ज्या जागेचा नमुना घेता आलेला नाही तिथे ‘असण्याची शक्यता’ असा शेरा मारतात आणि तो पदार्थ आहेच असं धरून काम करतात. 1990 च्या दशकात बांधलेल्या जहाजाच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉससमोर शून्य लिहिलेलं असेल तर जहाज स्वच्छ आहे असं समजू नये. यादी घाईत, धक्क्यावर उभं राहून केलेली असण्याची शक्यता जास्त. मर्यादा 0.1 टक्के आहे आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. केबलच्या आवरणात पीसीबी हे घातक रसायन 50 मिलिग्रॅम प्रतिकिलोवर गेलं तर तो माल जाळायच्या भट्टीकडे. ती केबल तांब्यासाठी उघड्यावर जाळली तर धुरात डायॉक्सिनं ही विषारी रसायनं जातात. केबल यंत्राने सोलायची असते.

मग नाकापासून कापणी. कटरला एलपीजी आणि ऑक्सिजन. मोठे ठोकळे आधी पाडायचे, आता चांगल्या यार्डांत क्रेनने उचलून थेट काँक्रीटच्या अभेद्य फरशीवर आणतात, तिथे ट्रकच्या मापाच्या पाट्या होतात. कापायच्या रेषेवरचा रंग दोन्ही बाजूंनी खरवडायला हवा. जुन्या रंगात शिसं असतं आणि ज्योतीखाली ते थेट कटरच्या नाकात जातं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळ्यात आधी तेच गाळलं जातं. पुढचा भाग कापत गेलं की उरलेलं धूड हलकं होतं, दर उधाणाला विंचने आणखी वर ओढतात. मध्यम जहाजाला चार-सहा महिने लागतात. वाद आहे तो शेवटच्या तळाच्या तुकड्यावर: तो वर येईपर्यंत दिवसातून दोनदा भरती त्याच्या खालून जाते. युरोपचं म्हणणं, हा भाग बांधीव तळावरच हवा. यार्डांचं म्हणणं, टाक्या आधी धुऊन-पुसून कोरड्या केल्या तर तो तळ स्वतःच बंद भांडं आहे. आमच्या मते दोघांचंही म्हणणं टाकी कुणी आणि कशी पुसली यावर येऊन थांबतं, आणि ती नोंद फारच कमी ठिकाणी ठेवलेली असते.

2015 मध्ये जपानच्या क्लासएनके या वर्गीकरण संस्थेने इथल्या दोन यार्डांना हाँगकाँग कराराशी सुसंगत असल्याचं पहिलं पत्र दिलं, तेव्हा करार लागू व्हायला दहा वर्षं होती. जपानी मालकांना जहाज पाठवायला जागा हवी होती, यार्डांना चांगलं गिऱ्हाईक. पुढे जायका या जपानी सरकारी मदतसंस्थेचं कर्जही याच सुधारणेसाठी आलं. देशादेशांचं सहकार्य कागदावर कितीही उदात्त वाटलं तरी या किनाऱ्यावर ते अशा व्यवहारातूनच आलं.

दिवस चौथा: जे परत येत नाही

अर्धा दिवस पुरतो. प्लॉटांच्या मागे घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे. अस्तर घातलेले खड्डे आणि भट्टी. इथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या पिशव्या, काचलोकर, रंगाची खरवड आणि तेलगाळ येतो. तेलगाळ वेगळा ठेवलेला असेल तर त्याला इंधन म्हणून गिऱ्हाईक मिळतं. त्यात पाणी आणि चिंध्या मिसळल्या की तोच पैसे देऊन जाळावा लागतो. काचलोकरीचं कुणी काही करत नाही. वजन थोडं, आकार अवाढव्य, त्यामुळे गाडीभाडंच जास्त होतं. जहाज जवळपास सगळं परत वापरात येतं असं सांगताना ही गाडी मोजत नाहीत.

दिवस पाचवा: सिहोर

भावनगरपासून पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटर. अलंगच्या पाट्यांचं मोठं गिऱ्हाईक इथल्या री-रोलिंग मिल. पोलाद इथे वितळवत नाहीत, हीच मुख्य गोष्ट. पाटीच्या लांब पट्ट्या कापतात, तेलाच्या किंवा गॅसच्या भट्टीत 1100 ते 1200 अंशांपर्यंत लाल करतात आणि रोलांतून काढत सळई, अँगल, चौरस बार बनवतात. वितळवायचं तर 1600 च्या आसपास जावं लागतं. तेवढी ऊर्जा आणि वितळवताना होणारी घट, दोन्ही वाचतात.

कच्चा माल उत्तम असतो. साध्या ए दर्जाच्या जहाजी पोलादात कार्बन 0.21 टक्क्यांच्या आत, आणि प्रत्येक पाटी बांधतानाच वर्गीकरण संस्थेने तपासलेली. तरी गोची होते, ती अशी. बल्क कॅरिअरच्या, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजाच्या डेकला आणि तळाला बहुधा जास्त ताकदीचं पोलाद असतं. ए दर्जाची किमान यील्ड (पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं ती मर्यादा) 235 मेगापास्कल, एएच 32 ची 315, एएच 36 ची 355. दिसायला तिन्ही सारखी. एका भट्टीत तिन्ही गेली आणि सळईवर पाण्याचा एकसारखाच मारा झाला, की गठ्ठ्यातली एक सळई एका ताकदीची, दुसरी दुसऱ्या. नमुन्याला नेमकी कुठली लागते त्यावर अहवाल.

म्हणून भारतीय मानक आयएस 1786 काँक्रीटच्या सळईसाठी ज्याचा धातूचा इतिहास कागदावर नाही असा माल चालवत नाही. मिलवाल्यांना हा अन्याय वाटतो. मानक बरोबर आहे. कारण इतिहास नव्हता असं नाही, तो अलंगला हरवला. जहाजाच्या नकाशांत शेल एक्स्पान्शन नावाचा आराखडा असतो. त्यात बाहेरच्या कवचाची पाटी न् पाटी, जाडी आणि दर्जासकट दाखवलेली असते. डेकचे नकाशे वेगळे. हे नकाशे जहाजाबरोबर यार्डात येतात आणि ठोकळा कुठे कापायचा हे ठरवायला रोज उघडले जातात. पण पाटीवर खडूने लिहितात ती फक्त जाडी: 14, 18, 22. शेजारी एएच 36 एवढी पाच अक्षरं तेलरंगाने लिहिली आणि ट्रक वेगळे भरले, तर सिहोरच्या आवारात दोन ढीग होतील. मिलला दर ढिगातून रासायनिक तपासणीला एक नमुना पुरेल. घातक पदार्थांची यादी जहाजाच्या जन्मापासून ठेवायला अख्खं जग तयार झालं; चांगल्या पदार्थांची यादी मात्र नकाशाच्या नळकांड्यात गुंडाळून रद्दीत जाते. करारात पोलादाच्या दर्जाबद्दल ओळ नाही. ती असायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मिलमध्ये आणखी एक बघण्यासारखं. पट्टीवर रंगाचा थर राहिला असेल तर भट्टीच्या तोंडाशी पिवळसर धूर दिसतो. तिसऱ्या दिवशी गाळलेली खरवड इथे बाहेर पडते.

दिवस सहावा: घोघा, हाजिरा, कळंबोली

परत येताना रेल्वेऐवजी घोघ्याहून हाजिऱ्याची रो-रो बोट घ्यावी. ट्रकही चढतात, चार तासांच्या आसपास लागतात, आखाताला वळसा घालायचा रस्ता वाचतो. पुढे सुरतेहून मुंबई.

2025 च्या अर्थसंकल्पात एक नवी कडी जाहीर झाली आहे: भारतात जहाज तोडायला दिलं तर भंगारकिमतीच्या 40 टक्के एवढी पत-चिठ्ठी मिळेल आणि ती भारतात नवं जहाज बांधताना वळती होईल. मालकाला झेंडा बदलून पळण्यापेक्षा थांबण्यात फायदा दिसला, तर तो करारापेक्षा जास्त काम करेल.

शेवटचा मुक्काम कळंबोलीचा लोखंड बाजार. सळई घेताना वजन करावं: 12 मिमी सळई मीटरला 0.888 किलो, म्हणजे 12 मीटरचा नग साधारण 10.65 किलो. मानकात या मापाला पाच टक्के इकडेतिकडे चालतं; नऊ-साडेनऊ भरली तर ती घेऊ नये. पुनर्रोलिंगचा माल फाटक, ग्रिल, शेडचे अँगल यांना उत्तम आहे. स्लॅबसाठी विचारलं तर प्रामाणिक दुकानदार स्वतःच नाही म्हणतो. गठ्ठ्याला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला असतो, तो उलटून बघावा: माप आहे, लांबी आहे, वजन आहे. हीट नंबरची, म्हणजे पोलाद कुठल्या घाण्यातलं हे सांगणारी चौकट छापलेली आहे, आत काही लिहिलेलं नाही.